निरंक, कोरं आणि नल

सरकारी कचेरीत ज्यानं एकदा तरी तिमाही अहवाल भरलाय, त्याला ‘निरंक’ हा शब्द शिकवावा लागत नाही. वरून विचारणा येते, प्रलंबित अर्ज किती? खालून उत्तर जातं, निरंक. म्हणजे कुणीतरी कपाट उघडलं, फायली पाहिल्या, काही नाही असं आढळलं आणि तसं सही करून कळवलं. तोच रकाना कोरा सोडून कागद पाठवला तर दुसऱ्या दिवशी वरून फोन येतो, “हे काय, माहिती भरली नाही?” निरंक आणि कोरं यांतला फरक आपल्याकडच्या शिपायालाही कळतो.

आमच्या आजोबांचं बेळगावात रविवार पेठेत भुसार मालाचं दुकान होतं. त्यांच्या कीर्दीत मी लहानपणी तीन खुणा पाहिल्या आहेत. देणं काहीच नसेल तर ते स्वच्छ शून्य काढत. भाव अजून ठरायचा असेल, तर जागा कोरी सोडून कोपऱ्यात पेन्सिलीचं टिंब देत. विचारून मग शाईनं भरायचं. आणि ज्या रकान्याचा त्या माणसाशी संबंधच नाही, तिथे आडवी रेघ. उदाहरणार्थ, रोखीच्या गिऱ्हाइकाला हप्त्याची तारीख कुठली असणार? कुणी त्यांना हे शिकवलं होतं की नाही, देव जाणे. पण कीर्द वाचताना त्यांची कधी गल्लत झाली नाही.

पुढं माझी नोकरीतली वीसेक वर्षं कॉम्प्युटरवर सोसायट्यांचे हिशोब लिहिण्यात गेली, आणि त्यातला बराच वेळ या तीन खुणा एकमेकींत मिसळल्यामुळे झालेले घोळ निस्तरण्यात. तो इतिहास माझ्या एकटीचा नाही. गेली शंभरावर वर्षं यंत्रांना ‘कोरं’ म्हणजे काय हे सांगायचा प्रयत्न चालू आहे, आणि दर पिढीत ते थोडं थोडं चुकतंय.

सुरुवात भोकं पाडलेल्या पत्त्यांपासून करू. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची यंत्रं वापरली गेली. माणसागणिक एक जाड कागदी पत्ता, आणि माहितीप्रमाणे ठरलेल्या जागी भोक. भोक असेल तिथून वीज जाते, नसेल तिथून जात नाही. यंत्राच्या दृष्टीनं जगात एवढे दोनच प्रकार. भोक नाही याचा अर्थ माणसानं उत्तर दिलं नाही, की प्रश्न त्याला लागू नव्हता, की पत्ता पाडणारीचं लक्ष उडालं, हे पत्त्याला ठाऊक नसतं. १९२८ मध्ये आयबीएमनं ऐंशी रकान्यांचा पत्ता आणला आणि पुढं अनेक वर्षं जगाचे हिशोब त्या ऐंशी रकान्यांत बसवले गेले. कोरा रकाना मात्र मुकाच राहिला.

मुका राहिला तर बरं होतं. काही भाषांनी त्याच्या तोंडून बोलायला सुरुवात केली. जुन्या फोरट्रानमध्ये, म्हणजे १९६६ च्या प्रमाणित रूपात, आकड्याच्या रकान्यातली कोरी जागा शून्य म्हणून वाचली जाई. ‘५’ लिहून पुढच्या दोन जागा कोऱ्या सोडल्या की यंत्र पाचशे वाचणार! १९७७ च्या फोरट्राननं कोऱ्या जागेला शून्य समजायचं की सोडून द्यायचं, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगता येईल अशी सोय केली. दोन आवृत्त्यांमधल्या अकरा वर्षांत किती पाचाचे पाचशे झाले, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

दुसरी युक्ती नव्वाण्णवाची. माहीत नाही तिथे ९९ किंवा ९९९९ टाका; एवढं मोठं खरं वय कुणाचं असणार? हे इतकं मुरलं होतं की १९९९ च्या सप्टेंबरच्या नऊ तारखेला, म्हणजे ९-९-९९ ला, जुने प्रोग्राम ‘माहिती संपली’ असं समजून थांबतील अशी भीती लोकांना वाटत होती. तो दिवस शांतपणे गेला. आम्ही मात्र त्या दिवशी घरून डबे आणून रात्री नऊपर्यंत बसलो होतो.

आमच्या पिढीनं भारतात हिशोबाचं काम ज्यावर शिकलं ते डीबेस आणि फॉक्सप्रो. त्यात कोऱ्याला वेगळी खूणच नव्हती. आकड्याचा रकाना भरला नाही तर बेरजेत तो शून्य. फॉक्सप्रोमध्ये ‘नल’ आलं ते १९९५ च्या व्हिज्युअल फॉक्सप्रोपासून, आणि आमच्यासारख्या गावांत ते पोचायला आणखी काही वर्षं लागली. ‘नल’ म्हटल्यावर आमच्या ऑफिसातल्या वयस्कर हेडक्लार्कना दमयंतीच आठवायची. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं म्हणा. समोर उभा असून ओळख न पटणारा असा तोही होताच.

हा नल आला कुठून? त्यासाठी एडगर कॉड या माणसाकडे जावं लागतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावर १९२३ मध्ये जन्म, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक, आणि नंतर अमेरिकेत आयबीएममध्ये नोकरी. १९७० मध्ये त्यांनी एक निबंध लिहून सांगितलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, ओळी आणि रकाने, बस. ती कुठे आणि कशी साठवली आहे हे वापरणाऱ्याला कळायची गरज नाही. आजची जवळजवळ प्रत्येक बँक, रेल्वेचं आरक्षण, रेशनकार्ड, सगळं या विचारावर उभं आहे. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो यासाठीच.

पण तक्ता म्हटला की कोरा रकाना आलाच. आणि कॉडसाहेब गणितज्ञ, त्यामुळे त्यांना ते मुकं कोरेपण सहन होईना. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी यावर लिहायला घेतलं, १९७९ च्या मोठ्या निबंधात ते नीट मांडलं. नल ही किंमत नव्हे, किंमत नसल्याची खूण आहे. मग तिच्याशी तुलना केली तर उत्तर होय नाही आणि नाहीही नाही. तिसरं उत्तर लागतं, ‘अज्ञात’. १९८५ मध्ये, विक्रेते आपापल्या कुठल्याही मालाला रिलेशनल म्हणून विकू लागले तेव्हा, चिडून त्यांनी बारा नियम प्रसिद्ध केले. त्यांतला तिसरा नियम नलबद्दल आहे. ती खूण शून्याहून वेगळी हवी, रिकाम्या अक्षरमाळेहून वेगळी हवी आणि सगळ्या प्रकारच्या रकान्यांत एकसारखी वागायला हवी.

ऐकायला सरळ आहे. पण १९७५ मध्येच अमेरिकेतल्या एका प्रमाणीकरण समितीनं कोऱ्या रकान्याचे वेगवेगळे अर्थ मोजायला घेतले होते आणि तिच्या अहवालात ते चौदा निघाले. लागू नाही, लागू आहे पण माहीत नाही, माहीत आहे पण सांगायची परवानगी नाही, अशा जातीचे. आजोबांचे तीन पुरत होते ते दुकान छोटं म्हणून. कॉडनी चौदांचा एक नल केला, आणि तो एकच एसक्यूएलमध्ये शिरला.

एसक्यूएल ही आयबीएमच्याच प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेली भाषा. तिनं तिसरं उत्तर घेतलं खरं, पण संसारात एकेका सासरी एकेक रीत असावी तसं घेतलं. ओळी निवडताना ‘अज्ञात’ म्हणजे नाही. ओळ वगळली जाते. पण रकान्यावर अट घातली असेल, वय अठराच्या वर हवं वगैरे, तर तिथे ‘अज्ञात’ चालून जातं. वय कोरं असलेला माणूस बिनदिक्कत आत येतो. नल बरोबर नल का, असं विचारलं तर उत्तर अज्ञात. पण गट पाडायला सांगितलं की सगळे नल एका पंगतीत. बेरीज आणि सरासरी काढताना नल गुपचूप सोडून दिले जातात. ओरॅकलनं तर रिकामी अक्षरमाळ आणि नल एकच मानले, आणि तिसरा नियम पाळणारे आजही त्यावरून कपाळावर हात मारतात.

आता माझी गोष्ट सांगते, कारण वरचं सगळं मला पुस्तकातून कळलं नाही.

सीमाभागातल्या एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. तिचं नाव सांगत नाही. १९९९ मध्ये, सन दोन हजारच्या धास्तीनं, त्यांचा फॉक्सप्रोतला सगळा हिशोब नव्या रिलेशनल डेटाबेसमध्ये हलवला. ठेवीची मुदत संपली की ठेवीदाराला पत्र जायचं. कुणाला अजून पत्र गेलं नाही याची यादी दर महिन्याला निघायची, आणि ती काढणारा प्रोग्राम मी लिहिला होता. रीत साधी. मुदत संपलेल्या ठेवी घ्या, पाठवलेल्या पत्रांच्या नोंदीत ज्यांचा सभासद क्रमांक नाही, ते वेगळे काढा. एसक्यूएलमध्ये याला ‘नॉट इन’ म्हणतात.

पत्रांच्या जुन्या नोंदवहीत एक ओळ होती, पोस्टातून परत आलेल्या पत्राची. पाकिटावरचा क्रमांक पावसात भिजून पुसला गेला होता म्हणून कारकुनानं तो भरला नव्हता. फॉक्सप्रोमध्ये तिथे शून्य होतं. नव्या डेटाबेसमध्ये आणताना आम्ही म्हटलं, शून्य क्रमांकाचा सभासद असूच शकत नाही, हे खरं तर ‘माहीत नाही’ आहे. म्हणून तिथे नल घातला. आजही मी म्हणेन, तो निर्णय बरोबर होता. पेन्सिलीच्या टिंबाला टिंबच म्हटलं आम्ही.

आणि त्या एका बरोबर निर्णयानं माझा प्रोग्राम आंधळा झाला. कसा ते बघा. १०५ क्रमांकाची सभासद पत्र गेलेल्यांच्या यादीत नाही ना? यादीत १०१ आहे, १०२ आहे, आणि एक ‘माहीत नाही’ आहे. तो माहीत नसलेला क्रमांक १०५ असू शकतो. मग ‘१०५ यादीत नाही’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही. उत्तर अज्ञात. अज्ञात म्हणजे ओळ वगळा. हेच १०६ ला, १०७ ला, सगळ्यांना. यादीत एकही नाव उरलं नाही. डेटाबेसनं चूक केली नव्हती. त्यानं कॉडसाहेबांचं तर्कशास्त्र अक्षरशः पाळलं होतं.

कागदावर काय छापायचं हे मात्र मी ठरवलं होतं. एकही ओळ आली नाही तर कागद कोरा दिसू नये म्हणून मी प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली होती, ‘निरंक’ छाप. पाच महिने दर महिन्याला ‘निरंक’ छापून येत राहिलं, त्यावर सही होत राहिली, फायलीला लागत राहिलं. यंत्र म्हणत होतं ‘सांगता येत नाही’, आणि मी माणसांना सांगत होते ‘पाहिलं, काही नाही’.

ते उघडकीला आलं एका आजींमुळे. नातवाला घेऊन आल्या होत्या. मुदत संपून चार महिने झाले होते, आणि नूतनीकरण केलं नाही तर पुढचं व्याज नाही असा तिथला नियम. “पत्र न्हाई आलं अक्का,” त्या मला म्हणाल्या. “पत्र येतंय म्हणाले हुते. न्हाई आलं म्हंजे मुदत न्हाई संपली असं समजून बसलो की मी.” त्यांनीही कोऱ्याचा अर्थ लावला होता. लावू नये तर काय करावं माणसानं?

प्रोग्राम दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. ‘नॉट इन’च्या जागी ‘नॉट एक्झिस्ट्स’ घातलं. ते ‘अशी जुळणारी ओळ सापडते का’ एवढंच विचारतं, आणि नल कशाशीच जुळत नसल्यामुळे आडवा येत नाही. व्याजाचं काय? संचालक मंडळानं द्यायचं ठरवलं, पण अर्ज केलेल्यांना. ज्यांनी विचारलंच नाही त्यांची यादी माझ्याकडे होती, मी ती टेबलावर ठेवली. “अर्ज कुठे आहेत?” असं मला विचारण्यात आलं. अर्ज निरंक होते.

त्यानंतर मी हा इतिहास वाचायला लागले, आणि कळलं की माझ्यासारख्यांच्या पायाखाली दोन वेगळे नल होते.

दुसरा नल कॉडचा नाही, टोनी होअर यांचा. हेही ब्रिटिश, जन्म १९३४ चा, आपल्या शेजारी कोलंबोत. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेचं काम करताना त्यांनी ‘कुठेच न दाखवणारा दर्शक’ असा एक नल आत घेतला. एखादी नोंद दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवते. बोट कुठेच नसेल तर नल. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. करायला इतकं सोपं होतं की मोह आवरला नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. एवढ्या मोठ्या माणसानं इतक्या साध्या शब्दांत चूक कबूल केलेली मी फार वेळा पाहिलेली नाही.

होअरच्या जगात नल बरोबर नल हे खरं आहे. दोन्ही बोटं कुठेच नाहीत, विषय संपला. कॉडच्या जगात ते अज्ञात आहे. नाव एक, घराणी दोन. आणि प्रोग्राम जेव्हा डेटाबेसमधून ओळ उचलतो, तेव्हा एका नलचं दुसऱ्यात भाषांतर करणारा एक दुभाषी मध्ये बसलेला असतो. सगळे घोळ त्या उंबऱ्यावर होतात.

जावाचा दुभाषी, १९९७ चा जेडीबीसी, बघा. आकड्याचा रकाना आकडा म्हणून मागितला आणि तिथे नल असेल, तर तो शून्य देतो. हो, शून्यच, फोरट्रानसारखं! वर म्हणतो, शंका असेल तर वाचून झाल्यावर मला ‘वॉजनल’ असं विचारा, ते नल होतं का ते सांगेन. विचारायला विसरलात तर शून्य रुपये शिल्लक. मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये डॉटनेट काढलं तेव्हा डेटाबेसच्या नलसाठी तिसरीच एक वस्तू ठेवली, डीबीनल. ती भाषेतल्या नलशी तोलून पाहिली तर जुळत नाही. आकड्यालाही कोरं राहता येईल अशी सोय तिथे २००५ मध्ये आली. गो ही भाषा कडक, ती साध्या अक्षरमाळेत नल घ्यायला सरळ नकार देते आणि चूक दाखवते. त्यासाठी वेगळी पेटी घ्यावी लागते, ज्यात किंमत आणि ‘किंमत आहे का’ असे दोन कप्पे. मला हा कडकपणा आवडतो. पायथनमध्ये विश्लेषणासाठी पांडाज वापरणाऱ्या मुलांना दुसराच अनुभव: पूर्णांकांच्या रकान्यात एक जागा कोरी सापडली की सगळा रकाना दशांशांचा होऊन बसायचा. २०१९ पर्यंत त्याला धड उपाय नव्हता. आणि होअरच्या नलवर उतारा म्हणून जावात २०१४ मध्ये ‘ऑप्शनल’ आलं. कोटलिनमध्ये तर कोरं राहू शकणारा चल आणि न राहू शकणारा चल हे जन्मापासून वेगळे.

मुलं मला विचारतात, काकू, एवढ्या तपासण्या घालत बसलं तर प्रोग्राम रेंगाळतो, मग नल हाताळायचा कसा? वेग तपासणीनं जात नाही, ती फार स्वस्त असते. पोस्टग्रेसमध्ये ओळीच्या डोक्यावर रकान्यागणिक एक बिट असते, कोरा की भरलेला, आणि कोऱ्या रकान्याला पुढं जागाच लागत नाही. वेग जातो तो दुसरीकडे. शोधताना रकान्यावरच ‘नल असेल तर शून्य धर’ असं फंक्शन गुंडाळलं की साधा निर्देशांक, म्हणजे इंडेक्स, कामाला येत नाही आणि डेटाबेस अख्खा तक्ता चाळत बसतो. ओरॅकलच्या नेहमीच्या इंडेक्समध्ये ज्यांचे सगळे रकाने नल आहेत अशा ओळी नोंदल्याच जात नाहीत, म्हणून तिथे ‘कोरे शोधा’ हे काम महाग. पोस्टग्रेस २००८ पासून ते इंडेक्सवरून करतो, आणि फक्त कोऱ्या ओळींचा छोटा इंडेक्सही बांधता येतो. पत्र न गेलेल्यांची यादी मी आज लिहिली तर तशीच बांधेन; लाखभर ओळींतल्या शंभर कोऱ्या, एवढ्याच.

बाकी सगळं उंबऱ्यावर. ओळ आत घेताना एकदाच ठरवायचं की या रकान्यातल्या कोऱ्याचा अर्थ काय, आणि पुढं आत तो प्रश्न परत येऊ द्यायचा नाही. आमच्या एका प्रोग्राममध्ये सभासदाचा फोन कोरा आहे का, ही तपासणी एकतीस ठिकाणी होती. बत्तिसाव्या ठिकाणी राहिली आणि तिथेच तो बंद पडला. जे कोरं असूच शकत नाही त्याला तक्ता बांधतानाच ‘नॉट नल’चं कुलूप घाला. आणि ‘कोअलेस’ वापरून कोऱ्याच्या जागी काहीतरी बसवायचं असेल तर ते छापताना बसवा, मोजण्याआधी नको. शंभरातल्या चाळीस शेतकऱ्यांचं उत्पन्न कळलेलं नाही. त्यांना शून्य धरून सरासरी काढली तर गाव गरीब दिसतं, सोडून दिलं तर कदाचित श्रीमंत. दोन्ही यंत्राला पटतं.

बसवलेल्या किमती खऱ्या माणसांना चिकटतात, हेही सांगायला हवं. कर्नाटकात नुसतं एक नाव आणि पुढं आद्याक्षर असलेली माणसं पुष्कळ. पासपोर्टात नावाचा एक रकाना कोरा राहिला की अमेरिकेच्या व्हिसावर ‘एफएनयू’ ही अक्षरं येतात, ‘पहिलं नाव अज्ञात’. आणि मग तिकडच्या कार्यालयांतले लोक त्या बाईला एफएनयू म्हणूनच हाक मारतात. कॅलिफोर्नियातल्या एका माणसानं गंमत म्हणून गाडीला ‘नल’ अशा अक्षरांची पाटी घेतली; ज्या पावत्यांवर गाडीचा नंबर भरलेला नव्हता, त्या सगळ्या त्याच्या घरी येऊ लागल्या. दंडाची रक्कम बारा हजार डॉलरच्या वर गेली. कुठल्यातरी प्रोग्राममध्ये कोऱ्याचं रूपांतर चार अक्षरांत झालं होतं.

कॉडना एकच खूण अपुरी पडते हे कळत होतं. १९९० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोन खुणा सुचवल्या, एक ‘लागू आहे पण माहीत नाही’साठी आणि दुसरी ‘लागूच नाही’साठी. म्हणजे पेन्सिलीचं टिंब आणि आडवी रेघ! वाचताना मला आजोबांच्या कीर्दीचा वास आला. पण मग उत्तरं तीनाऐवजी चार होतात, तर्काचे तक्ते वाढतात, आणि बाजारातल्या कुठल्याही मोठ्या डेटाबेसनं ते घेतलं नाही. कॉडचे सहकारी आणि त्यांच्या विचाराचे सर्वांत मोठे प्रचारक क्रिस डेट उलट्या टोकाला गेले: नल मुळातच नको. जे माहीत नाही त्याची ओळच ठेवू नका. फोन असलेल्यांचा वेगळा तक्ता करा, नसलेला त्यात नसेल. ह्यू डार्वेन यांच्याबरोबर १९९५ मध्ये लिहिलेल्या जाहीरनाम्यात त्यांनी नलला बंदीच घातली. तर्कानं डेट बरोबर आहेत असं माझं मत आहे. पण चाळीस रकान्यांचे चाळीस तक्ते जोडत बसायला पतसंस्थेच्या मशीनला आणि माझ्या वाचकांतल्या कुठल्याही प्रोग्रामरला सवड नाही, म्हणून आपण कॉडच्या घरी राहतो आणि डेटचं ऐकतो.

इथे आमच्याकडचे काही विद्वान मला थांबवतील: अहो, स्याद्वादात हे सगळं आधीच आहे! सप्तभंगीतलं ‘स्यात् अवक्तव्य’ म्हणजेच नल. ही तुलना अगदी हवेतली नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाबद्दल लिहिताना स्याद्वादाची दखल घेतली होती, आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९५७ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात सप्तभंगीवरच लेख लिहिला. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण अवक्तव्य म्हणजे अज्ञान नव्हे. वस्तू आहेही आणि नाहीही, हे दोन्ही एका वेळी एका शब्दात सांगता येत नाही म्हणून अवक्तव्य. तिथे बोलणाऱ्याला पुष्कळ माहीत असतं, शब्द पुरत नाही. पुसलेल्या सभासद क्रमांकाला अवक्तव्य म्हणणं हे त्या कारकुनाला उगाच मुनिपद देण्यासारखं होईल.

खरी अवक्तव्य मला घरातच भेटली. आमच्या भागातल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला नेऊन उभं केलं की मास्तर वय अंदाजानं धरून १ जून लिहून टाकायचे. दाखल्यात रकाना कोरा ठेवायची सोय नव्हती. माझ्या आईचाही कागदोपत्री जन्म १ जूनचा. आजी सांगायची, दशलक्षण पर्व संपल्यावर, शेतात शेंगा काढायचं चाललेलं असताना झाली. म्हणजे महिना कळतो, हंगाम कळतो, साल मात्र घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. एवढी सगळी माहिती आहे, पण तारखेच्या रकान्यात ती शिरत नाही. तिथे पूर्ण तारीख तरी घाला नाहीतर नल. मी एकदा हौसेनं घरच्या वंशावळीचा तक्ता केला तेव्हा तारखेशेजारी दोन जादा रकाने घेतले: ही तारीख कुणी सांगितली, आणि कोरी असेल तर का कोरी आहे. आईच्या ओळीत तारीख नल आहे, शेजारी लिहिलंय ‘दशलक्षणानंतर, शेंगा काढताना’. त्या रकान्यावरून काही शोधता येत नाही, क्रमही लावता येत नाही. पण वाचता येतं.

दर १ जूनला सकाळी सात वाजता आईच्या मोबाइलवर बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो. चष्मा लावून ती तो मोठ्यानं वाचते आणि दरवर्षी मला विचारते, “ह्यांना कुणी सांगितलं गं?”